माऊसला हात लावायचा नाही

आमच्याकडे मुक्कामाला येणारा शहरातला पुरुष आधी समुद्र कुठे आहे ते विचारत नाही. ओटीवर चपला काढतो, तांब्यातलं पाणी पितो आणि कोपऱ्यातल्या टेबलावरच्या आमच्या कॉम्प्युटरकडे बघून चुकचुकतो. "आजी, हे अजून वापरता तुम्ही?" जसं काही मी चूल पेटवायला गारगोट्या घासतेय.

मी चौथी पास. चौलला आमची नारळ-सुपारीची वाडी आहे आणि वाडीत पाहुण्यांसाठी चार खोल्या. राहणं, जेवण, सकाळचा चहा-पोहे. नवरा होता तेव्हापासून हा धंदा करते आहे. बाहेरून बघणाऱ्याला हे काम गोड वाटतं. माणसं येतात, माशाचं जेवण जेवतात, आजीच्या हाताची चव म्हणतात. खरं सांगायचं तर लोकांना घर हवं असतं, पण घरातल्या माणसासारखं वागायचं नसतं. एका गृहस्थांनी मला पत्र्यावर सुपाऱ्या पडतात त्या रात्रीपुरत्या बंद करायला सांगितलं होतं. एका बाईंना मासे हवे होते, पण वास नको होता. त्यांना मी वालाचं बिरडं वाढलं. त्याचाही वास आला म्हणाल्या.

पण मला लिहायचंय ते कॉम्प्युटरबद्दल, कारण गेल्या वर्षी या कॉम्प्युटरने आमचं घर जवळजवळ दुसऱ्याच्या हातात दिलं होतं. कॉम्प्युटरने म्हणजे, त्याच्यावर बसून गेलेल्या शहाण्यांनी.

तुम्ही म्हणाल, हल्ली सगळं मोबाईलवर होतं, कॉम्प्युटर हवाच कशाला? आमच्या वाडीत रेंज माडाच्या शेंड्यावर असते, कॉम्प्युटरला निदान तारेतून नेट येतं. शिवाय येणाऱ्या माणसाच्या ओळखपत्राची प्रत ठेवावी लागते, ऑफिसातली माणसं छापील बिल मागतात, कोणाला परतीचं तिकीट छापून हवं असतं. माझा मोठा मुलगा महेश हे सगळं बघायचा. तो गेला. त्याची बायको वैशाली माझ्याजवळ राहिली. दहावी झालेली, हाताला उरक असलेली बाई. पण त्या टेबलासमोर बसवली की पदराला हात पुसत राहायची. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नावं लिहून दिवस काढले. मग माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि कॅलेंडरवरचे रकानेही एकमेकांत मिसळायला लागले. तेव्हा वैशालीने यादी कशीबशी कॉम्प्युटरवर चढवली.

त्याच सुमाराला कॉम्प्युटर पडद्यावर सांगायला लागला की आतली विंडोज आता जुनी झाली, तिची देखभाल बंद, नवी घ्या. नवी घ्यायला गेलो तर ती म्हणते, हे यंत्र मला चालत नाही, यंत्रही नवं घ्या. चालतं यंत्र भंगारात घालायचं. असली रीत मी फक्त लग्नाच्या बाजारात बघितली होती.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, मलाही कळत नव्हतं. कॉम्प्युटर म्हणजे नुसत्या खोल्या. आपण त्यात करतो ती कामं म्हणजे पाहुणे. आणि सिस्टीम म्हणजे घर चालवणारी बाई. कोणाला कुठली खोली, पाणी कोणाला आधी, कोण कोणाच्या अंगावर जातंय, हे सगळं ती बघते. ती कामात असते तोवर तिच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. ती बिघडली की मग सगळे हाका मारतात. तर जगात बहुतेकांच्या घरी एकाच माहेरची बाई असते, विंडोज, पण दुसऱ्याही असतात. लिनक्स म्हणतात. फुकट मिळतात, जुन्या यंत्रात राहतात. त्यांच्या बहिणी मात्र इतक्या आहेत की मोजता मोजता माणूस कंटाळेल, आणि प्रत्येक बहिणीचा एक भक्त असतो. हे भक्त शनिवारी सकाळी मांडव्याला बोटीतून, नाहीतर गाडीने घाटातून उतरतात आणि दुपारी माझ्या ओटीवर येऊन बसतात.

पहिला भक्त पुण्याचा, दाढीवाला. त्याने मला विचारलंसुद्धा नाही. वैशालीला म्हणाला, "ताई, चहा येईस्तोवर करून देतो." चहा आला, गेला, जेवण झालं, हा टेबलापाशीच. संध्याकाळी पडदा निळा-जांभळा चकचकीत झाला. रविवारी तो निघून गेला. सोमवारी वैशालीला पाहुण्यांची यादी सापडेना. त्याला फोन लावला तर म्हणाला, "आजी, सगळं सुरक्षित आहे. माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलंय." त्याचं नाव आम्हाला कुठे ठाऊक? आम्ही त्याला दाढीवालाच म्हणत होतो, मोबाईलमध्ये नंबरही त्याच नावाने.

पुढच्या शनिवारी चष्मेवाला आला. दाढीवाल्याने टाकलेली सिस्टीम बघून कपाळाला हात लावला. "नवशिक्या माणसाला ही कोणी देतं का?" त्याने ती काढून दुसरी टाकली. त्या गडबडीत यादी खरोखरच गेली, आणि लागून आलेल्या सुट्टीत त्याच त्या खोल्यांवर दोन कुटुंबं दारात उभी राहिली. ठाण्याची आणि महाडची. दोघांकडेही वैशालीचाच होकार. बायका ओटीवर भांडतायत, पोरं विहिरीपाशी पळतायत. शेवटी वैशालीने आपली खोली रिकामी करून दिली आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात झोपलो. महाडची बाई जाताना म्हणाली, "झेपत नसेल तर धंदा करू नये." मी तिला डब्यात भाकऱ्या बांधून देत होते, त्या तशाच दिल्या. चटणी काढून घेतली.

ही बातमी माझ्या धाकट्या मुलापर्यंत पोहोचली. नितीन न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामात आहे, राहायला पनवेलला. तो लगेच आला. त्याच्याकडे एका कंपनीचं बोलणं तयारच होतं. ही कंपनी किनाऱ्यावरची घरं चालवायला घेते. आपला माणूस बसवते, पांढऱ्या चादरी घालते, दारावर इंग्रजी पाटी लावते. घरमालकाने फक्त आपलं सामान उचलायचं.

"आई, तुम्हा दोघींना आता होत न्हाय. तू पनवेलला चल. वहिनी पण येईल. घरात तिची मदत होईल."

मदत म्हणजे काय ते मला माहीत होतं. जावेच्या घरात पोळ्या लाटायच्या आणि जावेची पोरं सांभाळायची, तीही जाऊ सांगेल तेव्हा. वैशाली आतून ऐकत होती. भांडी जोरात वाजली.

मी नितीनला सांगितलं, "होळीपर्यंत थांब. तोवर वैशालीला हे टेबल सांभाळता आलं नाही तर मी सही करते." माझा शब्द मी मोडत नाही हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो खूष होऊन गेला. त्याची खात्री होती. माझी नव्हती.

थंडीत आमच्याकडे पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरायची, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. जाळाकडे लक्ष ठेवायचं, एवढंच काम. शहरातल्यांना ते फार आवडतं. त्या शनिवारी चष्मेवाला परत आला होता, बरोबर एक मित्र घेऊन. दोघं म्हणाले, आज पोपटी आम्ही सांभाळणार. मी बरं म्हटलं. वैशाली सहज बोलून गेली की कॉम्प्युटर जमत नाही अजून, आणि दोघांना चेवच आला.

"तिला ही दे. नवशिक्यासाठी डोळे झाकून."

"ही? अपडेट आलं की ही रडत बसते. माझी बघ. वर्षभर हात लावायला नको."

"तुझीत बटण तरी सापडतं का?"

"बटण लागतंच कशाला? काळी खिडकी उघडायची, एक ओळ टाकायची, काम खलास."

मी विचारलं, "ओळ कोण टाकणार?"

"तुम्हीच, आजी. सोपी असते. पाठ करून ठेवायची."

"दादा, पाठ करायची हौस असती तर मी पाचवीत नसते गेले?"

हसले दोघं. परत भांडायला लागले. कोणाची बाई साधी, कोणाची सुंदर, कोणाची कमी खाणारी. वैशाली पायरीवर बसून एकदा याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला विचारलं मात्र कोणी नाही. जाळाकडेही कोणी बघितलं नाही. मडकं फोडलं तेव्हा आत शेंगांचा कोळसा झाला होता. कोळसा चघळत चष्मेवाला म्हणाला, "स्मोकी आलीय चव." मी आत जाऊन पिठलं टाकलं.

आणखी एक सांगायलाच हवा. दादरचे एक वयस्क गृहस्थ. ते म्हणाले, "अडचण यंत्राची नाही, इंग्रजीची आहे. आपल्या भाषेत करून देतो, बघा कशा सरसर शिकतील." मला पटलं. मराठीच तर येते आम्हाला. त्यांनी अख्खा कॉम्प्युटर मराठी केला आणि समाधानाने समुद्रावर गेले. वैशाली बसली. थोड्या वेळाने हाक आली.

"आई, धारिका म्हणजे काय हो?"

"मला काय विचारतेस? कुठे लिहिलंय?"

"फाईल असायची तिथे. आणि प्रिंट कुठे गेलं तेच कळेना. 'मुद्रित' लिहिलंय, ते दाबू?"

गृहस्थ परत आल्यावर मी म्हटलं, तुमची भाषा काढून आमची परत द्या. त्यांना वाईट वाटलं. "शुद्ध मराठी आहे हो ती!" असेल. पण वैशाली फाईल, प्रिंट, डिलीट हे शब्द बाजारात, बँकेत, तहसीलला रोज ऐकते. धारिका तिने जन्मात कोणाच्या तोंडून ऐकली नव्हती. पाहुण्यांची नावं मराठीत लिहिता येतात, तेवढं आम्ही ठेवून घेतलं. बाकीचं त्यांनी रुसूनच काढलं. सोलकढी मात्र दोनदा घेतली.

एवढे जण झाल्यावर माझ्या एक गोष्ट लक्षात आली. सगळे म्हणत होते सोपं आहे, आणि सोपं म्हणताना माऊस यांच्याच हातात. माझ्या हातात पोळपाट दिला तर पोळीही सोपीच आहे. आमच्याकडे सुपारीवर चढायला शिकवतात तेव्हा शिकवणारा खाली उभा राहतो. चढतो तो शिकणारा. खालून नुसती हाक, "उजवा पाय, आता दोराचा फास वर घे." शिकवणाराच चढून चढून दाखवत राहिला तर झाडावर सुपाऱ्या राहणार नाहीत आणि शिकणारा खालीच.

तेव्हापासून मी नियम केला. ज्याला आमच्या कॉम्प्युटरची कीव येईल त्याने खुशाल सुधारावा. पण वैशाली बसणार, त्याने तोंडाने सांगायचं, माऊसला हात लावायचा नाही. आणि वैशालीच्या हातून एक बिल छापून बाहेर आलं की मगच त्याचं पान वाढायचं.

नियमाचा पहिला मानकरी कल्याणचा होता. "दोन मिनिटांचं काम आहे, काकू."

"मग तर जेवण गरमच मिळेल तुम्हाला."

तो सांगायला बसला. "राइट क्लिक करा." वैशालीने पडद्याच्या उजव्या बाजूला क्लिक केलं. "नाही नाही, माऊसचं उजवं. आता प्रॉपर्टीज." "प्रॉपर्टी कोणाची?" "तसं नाही हो ताई, द्या इकडे," म्हणत त्याचा हात पुढे आला. मी मागे उलथणं घेऊन उभी होते. हात मागे गेला. आतून तळलेल्या सुरमईचा वास येत होता. त्याच्या पोरांना मी आधीच वाढलं होतं, मी काही राक्षस नाही. त्याची बायकोही जेवून उठली. हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अहो, ऑफिसात लोकांना शिकवता म्हणे. काय शिकवता?" त्या माणसाला घाम फुटला. बिल काही निघालं नाही. उन्हं उतरल्यावर मला त्याची दया आली आणि मी त्याला जेवायला बोलावलं. नंतर त्याने नेटवर लिहिलं म्हणे, यजमान विक्षिप्त आहेत, सुरमई उत्तम. दोन्ही खरं आहे.

असे बरेच जण उपाशी बसले. पण त्यातून झालं असं की वैशालीची भीती गेली. एवढी शिकलेली माणसं आपल्यासमोर घामाघूम होताना बघून तिला हसू यायला लागलं, आणि हसणाऱ्या माणसाचे हात पदराला जात नाहीत.

शिमगा जवळ आला तेव्हा डोंबिवलीची एक बाई आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन आली. ती कॉलेजच्या ग्रंथालयात कॉम्प्युटर सांभाळते. तिने आमच्या कॉम्प्युटरकडे बघितलंही नाही. चुकचुकलीही नाही. वैशालीने स्वतः होऊन तिला विचारलं. त्यावर ती काय म्हणाली? "तुम्ही दिवसभरात याच्यावर करता काय?"

इतक्या शहाण्यांतून हे विचारणारी ही पहिली. वैशालीने सांगितलं: पाहुण्यांची यादी, बिल, ओळखपत्राची प्रत, ईमेलची पत्रं. बाई म्हणाली, "एवढंच ना?" तिने पेनड्राइव्हमधून एक साधी लिनक्स टाकली. दिसायला महेशच्या वेळच्या जुन्या पडद्यासारखी, खाली पट्टी, कोपऱ्यात बटण. पडद्यावरची बाकी सगळी चित्रं काढून वैशालीच्या कामांची तेवढी ठेवली. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "माझ्या हातांना काहीतरी काम द्या, नाहीतर ते तिकडे जातील." मी सुपात लसूण घालून पुढे केला. ती लसूण सोलत बसली आणि वैशाली चुकत बसली. ही एवढंच विचारायची, "आता समोर काय दिसतंय? वाचा." वैशाली वाचायची, थांबायची, स्वतःच पुढे जायची. बिल छापून आलं. वाकडं आलं, पण आलं. माझा पुढच्या चार दिवसांचा लसूणही सोलून झाला.

आता कौतुक पुरे. प्रिंटर त्या बाईला दुसऱ्या दिवशी परत लावून द्यावा लागला. आणि आमचा स्कॅनर या सिस्टीमवर आजपर्यंत चालला नाही. ओळखपत्राचा फोटो मोबाईलने काढून घ्यावा लागतो. फुकटच्या गोष्टीचे गोडवे गाणारे हे सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. सिस्टीमचं नाव मात्र सांगणार नाही. सांगितलं की तुमच्यातलाच कोणीतरी पुढच्या शनिवारी त्याहून चांगली घेऊन दारात उभा राहील.

होळीच्या आदल्या दिवशी नितीन आला. बरोबर कंपनीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, बगलेत टॅब. तो खोल्यांचे फोटो काढायला लागला, जणू सही झालीच. वैशाली टेबलापाशी होती. नितीन तिच्या मागे उभा राहिला.

"वहिनी, धुळवडीला मागची खोली कोणाला दिलीय?"

तिने यादी उघडली. "नाशिकचे आहेत. नवरा-बायको. शाकाहारी."

"ते येणार न्हाईत समजा. मग?"

"मग वाट बघणारे वसईचे आहेत. त्यांना पत्र टाकते." लिहून दाखवलंही, पाठवलं तेवढं नाही. लगेच नाशिकवाल्यांच्या नावाने खोटं बिल मागितलं त्याने, तेही छापून दिलं. मध्येच वीज गेली, पडदा काळा झाला. नितीन माझ्याकडे बघून हसला. वीज आली, वैशालीने बटण दाबलं, वाट बघितली, यादी परत उघडली आणि नाशिकचं नाव होतं तिथेच होतं. कंपनीचा माणूस चहा पिऊन निघून गेला. बिचाऱ्याचे फोटो वाया गेले.

नितीनचा चेहरा पडला, पण तो माझाच मुलगा आहे. सहज सोडणारा नाही. म्हणाला, "बरं झालं, जमतंय. पण वर कोणाचं तरी लक्ष हवं. मी पनवेलहून बघत जाईन कोण येतंय, कोण जातंय. सरक वहिनी, जोडून घेतो." खुर्चीत बसला. काहीतरी दाबलं तर पडद्यावर पासवर्ड मागितला.

"वहिनी, पासवर्ड?"

वैशाली पाण्याचे पेले गोळा करत होती. म्हणाली, "तो माझ्याजवळ आहे, भावोजी."

"व्हय, तोच सांग."

"तुम्हाला काय बघायचंय ते सांगा. मी काढून देते."

नितीन माझ्याकडे वळला. "आई, तू सांग."

"मला न्हाय माहीत."

त्याला वाटलं मी खोटं बोलतेय. मी खोटं बोलत नव्हते. ती डोंबिवलीची बाई आणि वैशाली टेबलापाशी बसून कधी ते ठरवून मोकळ्या झाल्या, मला पत्ताही नव्हता. नितीन उठला. होळीसाठी आदल्याच दिवशी केलेली पुरणपोळी डब्यात घेऊन पनवेलला गेला. तेव्हापासून त्याने कंपनीचं नाव काढलेलं नाही.

तो गेल्यावर मी वैशालीला म्हटलं, "त्याला नाही सांगितलंस, चांगलं केलंस. मला सांगून ठेव. उद्या तुला काही झालं तर?"

ती टेबल पुसत होती. फडकं न थांबवता म्हणाली, "आई, तुम्हाला काय हवं ते सांगा. मी काढून देते."

नितीनशी बोलली होती त्याच आवाजात. हे घर मी उभं केलं, ते टेबल माझ्या नवऱ्याने आणलं, आणि मला त्याच्यावरचं काही बघायचं तर सुनेला विचारायचं. राग आला. येणारच. दोन दिवस मी तिच्याशी कामापुरती बोलले. तिनेही मनधरणी केली नाही. पण सासूने मागितल्याबरोबर जिने सांगून टाकलं असतं, तिने दिरालाही सांगितलंच असतं, आणि मग आम्ही दोघी आज पनवेलला असतो. एवढं कळायला पाचवी लागत नाही.

तिसऱ्या दिवशी मी ओटीवरून विचारलं, "आज जेवायला किती जण?"

"अकरा," वैशाली म्हणाली. मी भाकरीचं पीठ काढलं.